सरकती जेवणवेळ

एलायझा फे ही इंग्रज बाई १७८० साली बॅरिस्टर नवऱ्याबरोबर कलकत्त्यात पोचली. वाटेत कालिकतला हैदरअलीच्या माणसांनी दोघांना कैदेत टाकलं होतं, त्यामुळे कलकत्त्यातलं घर, नोकरचाकर आणि भरलेलं टेबल यांचं तिला भारी अप्रूप. विलायतेला धाडलेल्या पत्रांत ती जेवणाची यादीच देते: सूप, भाजलेली कोंबडी, करी-भात, कोकराचं मटण, तांदळाचं पुडिंग, चीज, ताजं घुसळलेलं लोणी आणि वर माडेरा वाइन. एवढा सगळा थाट दुपारी दोनला, बंगालच्या भर उन्हात. १८१७ मध्ये ही पत्रं कलकत्त्यातच छापून निघाली. या दुपारच्या जेवणाला ती म्हणते ‘डिनर’.

तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा डिनर म्हणजे दिवसातलं मुख्य जेवण, आणि ते दिवसाउजेडीच व्हायचं. आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडात लोक सकाळी दहा-अकरालाच डिनरला बसत. अठराव्या शतकात ते दोन-तीनवर आलं. मग मोठ्या घरांत ते चारवर, पाचवर, सातवर गेलं आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात थेट रात्री आठवर जाऊन टेकलं. मेणबत्त्या आणि दिवे परवडणाऱ्यांना अंधारात जेवण्याची चैन करता येऊ लागली, कचेऱ्या संध्याकाळपर्यंत चालू लागल्या, आणि उशिरा जेवणं हे मोठेपणाचं लक्षण ठरलं. मोठे लोक जितके उशिरा जेवत, तितकं त्यांच्या मागच्यांनाही उशिरा जेवावंसं वाटे. डिनर असं घड्याळावरून खाली सरकत गेलं आणि मागे दुपारी एक भलं मोठं रिकामं भगदाड पडलं.

भूक काही फॅशन पाळत नाही. त्या भगदाडात काहीतरी खाणं आलंच आणि त्याला नाव हवं झालं. विलायतेत त्याला लंचन म्हणू लागले. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानात मात्र साहेबांच्या तोंडी दुसराच शब्द बसला: टिफिन.

टिफिन हा शब्द इतका देशी झालाय की तो इंग्रजी आहे हे सांगितल्यावर पुष्कळांना पटत नाही. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ मध्ये लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीचा एक कोश काढला. शिष्ट कोशकार ज्या शब्दांना दारात उभं करत नसत, ते त्याने हौसेनं गोळा केले होते. त्यात ‘टिफिंग’ सापडतं. अर्थ दोन: जेवणवेळ सोडून खाणं-पिणं आणि भांडण. मुळात ‘टिफ’ म्हणजे दारूचा घोट. घोटाबरोबर तोंडी लावणं आलं, तोंडी लावण्याचं खाणं झालं, आणि लंडनच्या गुत्त्यातला हा शब्द जहाजात बसून मद्रास-कलकत्त्याला उतरला. तिकडे विलायतेत तो विस्मरणात गेला, इकडे त्याला बढती मिळाली. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या १८४७-४८ च्या कादंबरीत हिंदुस्थानातून पैसा करून परतलेला लठ्ठ कलेक्टर जोस सेडली आहे. त्याच्या गोतावळ्यात टिफिन हा शब्द सहज फिरताना दिसतो, आणि तो ऐकताच इंग्रज वाचक ओळखायचा की ही माणसं हिंदुस्थानातली.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश काढला, तेव्हा टिफिनच्या कुळाबद्दल बऱ्याच वावड्या उठलेल्या होत्या. कोणी त्याचा बाप अरबी ‘तफन्नुन’मध्ये, म्हणजे करमणुकीत, शोधत होतं. कोणी चिनी ‘चिर-फान’मध्ये, म्हणजे ‘भात खाणं’ यात. दोन्ही तर्क ऐकायला गोड आहेत. यूल-बर्नेल यांनी ते बाजूला ठेवले आणि ग्रोसच्या कोशातल्या गुत्त्याकडे बोट दाखवलं. व्युत्पत्तीच्या बाबतीत हे नेहमीच घडतं. घरंदाज कुळी सगळ्यांना हवी असते, आणि शब्द निघतो दारूच्या घोटातून.

पण ‘लंच’ तरी कुठे मोठ्या घरचा आहे? सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंच किंवा लंचन म्हणजे पावाचा नाही तर खारवलेल्या मांसाचा जाड तुकडा. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही तो वेळेला बांधलेला नाही. हातात मावेल तेवढं खाणं, असा त्याचा अर्थ तिथे दिलाय. त्याच्या शेजारी आणखी एक जुना शब्द नांदत होता, नंचन. त्याचा अर्थ ‘नूनचं पेय’, मजुरांना कामाच्या मधे मिळणारा घोट. आणि या ‘नून’ची गोष्ट तर टिफिनहून रंगतदार आहे.

नून म्हणजे आज इंग्रजीत दुपारचे बारा. पण तो शब्द लॅटिन ‘नोना’वरून आला. नोना म्हणजे नववी. सूर्योदयापासून मोजलेला नववा तास, म्हणजे आजचे दुपारचे तीन. मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटायचं कारण नाही. आपली ‘दुपार’ही सूर्योदयापासूनच मोजलेली: दोन प्रहर संपले की दुपार. प्रहर तीन तासांचा, तेव्हा रोमनांची नोना म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रहराचा शेवट. ख्रिस्ती मठांत या वेळी प्रार्थना असे आणि उपासाच्या दिवशी ती झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही असा नियम. भुकेल्या साधूंनी ही प्रार्थना हळूहळू अलीकडे ओढली, असं एक कारण देतात. ते खरं असो वा नसो, चौदाव्या शतकापर्यंत नून तिनावरून बारावर आला होता. डिनर खाली घसरलं, नून वर चढला.

डिनरच्या पोटात तर आणखी एक गंमत आहे. जुन्या फ्रेंचमधलं ‘दिस्ने’, त्यामागचं लॅटिन ‘डिस-येयुनारे’, म्हणजे उपास सोडणं. म्हणजे डिनर मुळात न्याहारीच! याच लॅटिन शब्दाचं फ्रेंचमध्ये दुसरंही एक रूप झालं, ‘देजने’. तेही आधी सकाळी होतं, मग दुपारी सरकलं. सकाळची जागा रिकामी झाली तेव्हा फ्रेंचांनी ‘छोटं देजने’ असा शब्द पाडून काम भागवलं. उत्तर इंग्लंडात मात्र कामकरी घरांनी डिनरला दुपारीच धरून ठेवलंय. तिथे आजही दुपारचं ते डिनर आणि संध्याकाळचं ते ‘टी’. शाळेत मुलांना दुपारचं वाढणाऱ्या बायकांना साऱ्या ब्रिटनमध्ये ‘डिनर लेडी’च म्हणतात. ज्यांनी दिवे लावून जेवण्याची चैन केली नाही, त्यांच्याकडे जुना अर्थ शाबूत राहिला.

इराणात याच्या जोडीचं उदाहरण सापडतं. फारसीत ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून पोटात काहीच न गेलेला माणूस. त्यावरून पहिल्या खाण्याला ते नाव पडलं, आणि आज तेहरानमध्ये नाहार म्हणजे सरळ दुपारचं जेवण. दिल्ली-लखनऊची निहारी, रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खायची, ती याच घराण्यातली. आपली न्याहारीही तिथलीच. तिला ‘आहारा’च्या ओळखीवर संस्कृत ठरवण्याचा मोह होतो, पण ती फारसीतून आलेली पाहुणी आहे. इराणात ती दुपारी बसते, महाराष्ट्रात सकाळी नऊला बांधावर.

‘जेवण’ मात्र अस्सल जुनं. संस्कृत कोशांत ‘जेमन’ म्हणजे खाणं, प्राकृतात ‘जेमइ’, गुजरातीत ‘जमवुं’, राजस्थानीत ‘जीमणो’. पाटावर बसून जेवणाऱ्या पश्चिम भारताचा हा शब्द आहे. जीव आणि जीवन यांच्याशी त्याचं नातं जोडणं सोपं आणि भाषणात शोभणारं. रक्ताचं नातं मात्र काही नाही. विशेष हे की जेवणाच्या गळ्यात वेळेची पाटी नाही. ‘दुपारचं’ आणि ‘रात्रीचं’ हे आपल्याला वेगळं सांगावं लागतं. पण नुसतं ‘जेवणवेळ झाली’ म्हटलं की खेड्यात कोणी रात्रीचा विचार करत नाही. मुख्य जेवण ते दुपारचंच, हे गृहीत.

गृहीत असलं तरी सगळीकडे एका वेळी नव्हे. कोकणात आणि गोव्यात सकाळी दहा-अकराला पेज घ्यायची, उकड्या तांदळाची, सोबत खारातली कैरी नाही तर सुक्या मासळीचा तुकडा. ही न्याहारी म्हणावी तर पोटभर, जेवण म्हणावं तर हलकी. तिचं नाव पेजच. घाटावर शेतात जेवायला जायचं नसतं, ‘भाकरी खायला’ सुटायचं असतं. कालवण असो, पिठलं असो की नुसता ठेचा, खाणं एकच: भाकरी. पुण्यात गरीब विद्यार्थी दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागत. मधमाशी फुलाफुलावर जाते तसं पाच घरी जाऊन शिजलेलं अन्न आणायचं, म्हणून माधुकरी. ज्याला जरा बरा आसरा मिळे तो ‘वार लावून’ जेवे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्याचं दुपारचं जेवण घड्याळापेक्षा पंचांगावर जास्त अवलंबून असे. आज त्याच शहरात पेठांतली मुलं ‘मेस लावतात’. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा नियम एखाद्या धर्मशास्त्रासारखा पाळला जातो.

टिफिनचं पुढे काय झालं? साहेब गेला, शब्द राहिला, आणि ज्या गावात राहिला तिथलं पाणी त्याला लागलं. तामिळनाडू-कर्नाटकात टिफिन म्हणजे इडली, डोसा, उपमा, वडा. भात असेल तर ते ‘मील्स’, बाकी सगळं टिफिन. तिथल्या खाणावळींच्या पाट्यांवर दोन्ही वेगवेगळी लिहिलेली असतात आणि त्यांच्या वेळाही ठरलेल्या. सकाळी टिफिन, दुपारी मील्स, चार वाजल्यापासून पुन्हा टिफिन. म्हणजे ज्या दुपारसाठी हा शब्द जन्मला, नेमक्या त्या दुपारीच तो तिथे हजर नसतो. बंगळुरात १९२४ साली ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ म्हणून सुरू झालेलं हॉटेल पुढे ‘मवळ्ळी टिफिन रूम्स’ झालं. एमटीआर म्हणून आज मुंबईच्या वाण्याकडेही त्याची पाकिटं मिळतात. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात टिफिन रूम अजून आहे, तिथे करी वाढतात. आणि खुद्द ब्रिटनमध्ये आज बेकरीत टिफिन मागितलं तर बिस्किटांचा चुरा, मनुका आणि चॉकलेट थापून केलेली, भट्टी न लागणारी वडी हातात येते. तिचा दुपारशी काहीएक संबंध उरलेला नाही.

मुंबईत शब्दाने वेगळीच उडी मारली. खाण्याचं नाव भांड्याला लागलं. ‘टिफिन आणलाय का?’ म्हणजे डबा आणलाय का. एकावर एक बसणारे तीन-चार पुडे, बाजूने कडी, वर दांडा. सगळ्यात खाली भात, त्यावर आमटी-भाजी, वर पोळ्या. आमटी वर ठेवली तर दादरपर्यंत पोळ्यांचा काला होतो, हे ज्याने डबा भरलाय त्याला सांगावं लागत नाही.

या शहराला डब्याची गरज पडली ती कचेऱ्यांमुळे. माणूस राहणार गिरगावात किंवा पुढे पार्ल्यात, काम करणार फोर्टात. सकाळी घराबाहेर पडताना स्वयंपाक झालेला नसतो, दुपारी घरी परतणं शक्य नाही, आणि बाहेर खायचं तर कोणाच्या हातचं, हा जातीपातीचा प्रश्न आडवा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं जमवून घरचा डबा कचेरीत पोचवण्याचं काम सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक एक पारशी बँकवाला होता, असं सांगतात. ही माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातली, बहुतेक वारकरी. गावच्या यात्रेला ती चार-पाच दिवस सुट्टी घेतात, आणि तेवढे दिवस मुंबईतल्या कितीएक कचेऱ्यांचं जेवण बिघडतं.

संस्थेची नोंदणी १९५६ मध्ये झाली, ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ या नावाने. कागदावर टिफिन बॉक्स, तोंडात मात्र कायम डबा. डबेवाला स्वतःला टिफिनवाला म्हणवून घेताना सहसा दिसायचा नाही. मजा अशी की तो डबा घेऊन चढतो तोही लोकलच्या मालडब्यात. मराठीने दोन्ही डब्यांना एकाच नावात बसवलंय.

डब्याच्या झाकणावरची खूण जवळून पाहण्यासारखी आहे. एक नमुना बऱ्याच अभ्यासांत येतो. ‘व्हीएलपी’, म्हणजे डबा विलेपार्ल्याचा. ‘ई’ हे अक्षर, तो कोणत्या डबेवाल्याने कुठल्या आळीतून उचलला ते सांगतं. मधोमध ठळक ‘३’: तो कोणत्या भागात उतरवायचा त्याचा आकडा. मग ‘९ ईएक्स १२’. नऊ हा तिकडच्या वाटपवाल्याचा क्रमांक, ईएक्स म्हणजे नरिमन पॉइंटची एक्स्प्रेस टॉवर्स, बारा म्हणजे बारावा मजला. नाव नाही, पत्ता नाही, जेवणाऱ्याचं आडनावही नाही. सकाळी नऊच्या सुमारास उचललेला डबा तीन-चार हातांतून जातो, साडेबारा-एकला टेबलावर पोचतो आणि रिकामा होऊन त्याच खुणांच्या उलट्या क्रमाने संध्याकाळच्या आत घरी परततो. करोनाच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या घरात डबे ने-आण करत होते. मार्च २०२० मध्ये ते काम थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा पुष्कळ गिऱ्हाइकं घरूनच काम करत होती आणि दुपारी स्वतःच्याच स्वयंपाकघरात जेवत होती.

डब्याच्या गोष्टीत नेहमी पोचवणाऱ्याचं कौतुक होतं, भरणारीचं होत नाही. गिरणगावात तर घरापासून दूर, एकट्याने राहणारे हजारो गिरणी कामगार होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले, खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारे. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवत. पाळी सुटेल त्या वेळी ताट, तेव्हा ‘दुपारचं जेवण’ कधी सकाळी, कधी मध्यरात्री. पगार महिन्याचा, त्यामुळे जेवणही उधारीवर, आणि किराणा भरायला सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. कित्येकींचं नाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर आलं ते तेव्हा.

सरकारी कचेरीत आज शब्दांचा आणखी एक सामना रंगतो. खिडकीवरच्या पाटीवर ‘जेवणाची सुट्टी’ किंवा ‘मध्यंतर’, आणि आतून ऐकू येतं ‘लंच टाइमनंतर या’. ती वेळ इतकी लांबायची की २०१९ मध्ये राज्य शासनाला आदेश काढावा लागला: दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास, त्याहून जास्त नाही. जेवण कोणत्या भाषेत घ्यायचं याबद्दल आदेश गप्प आहे.

आणि मग शासनाचा स्वतःचा शब्द, ‘मध्यान्ह भोजन’. शुद्ध रूप मध्याह्न. मध्य अधिक अह्न, दिवसाचा मध्य. पण ‘ह’ आणि ‘न’ यांची अदलाबदल मराठीत इतकी रुळलीय की शुद्ध लिहिणाराच चुकलेला वाटतो. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने शाळेतल्या मुलांसाठी या नावाची योजना सुरू केली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतंच. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य घरी द्यायचं, एवढंच. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं, तेव्हा शाळांतून चुली पेटल्या. प्राथमिकच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्य आणि ४५० कॅलरी, त्यावरच्या वर्गांना दीडशे ग्रॅम आणि ७०० कॅलरी, असं माप आहे. महाराष्ट्रात तिचं सरकारी नाव शालेय पोषण आहार. २०२१ मध्ये केंद्राने योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ केलं. पोरांनी यातलं एकही नाव उचललं नाही. पातेल्यात शिजत होती ती खिचडी, म्हणून योजनेचंच नाव खिचडी पडलं. पुढे पुलाव आला, उसळ-भात आला, तरी नाव खिचडीच. शासनाच्या कागदावर ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असलेली बाई गावात ‘खिचडीवाली मावशी’ म्हणून ओळखली जाते. आणि शनिवारी, नाही तर उन्हाळ्यात, शाळा सकाळची असते. मग साडेनऊच्या सुट्टीत ताटल्या घेऊन पोरं ओट्यावर रांगेत बसतात, मध्यान्ह भोजनाला.